दुपारच्या झोपेचा खात्रीलायक आकडा

तक्त्यात सगळ्या देशांपुढे आकडे होते आणि आपल्या देशापुढे नुसती रेघ होती. आडवी, आखूड आणि निर्लज्ज. शून्य असतं तरी दशांशरावांनी ते गोड मानून घेतलं असतं, कारण शून्यसुद्धा कोणीतरी मोजून काढावं लागतं. रेघ म्हणजे कोणी मोजायला गेलंच नाही. तक्त्याखाली बारीक अक्षरांत 'माहिती उपलब्ध नाही' असं छापलं होतं, आणि ती उपलब्ध करून देण्याचं काम ज्या माणसाकडे होतं तो माणूस म्हणजे खुद्द दशांशराव.

हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका संशोधन संस्थेत आकडेवारीचं काम बघत आणि घरीही त्याच वृत्तीने वावरत. "बाहेर पाऊस आहे का हो?" असं बायकोने विचारलं की "किती थेंबांना पाऊस धरायचा?" हे आधी ठरवून घेत. मग इमारतीतल्या कोणीतरी एकदा त्यांना दशांशराव म्हटलं आणि ते चिकटलं. त्यांना स्वतःला ते आवडत असे. निदान पूर्णांकराव तरी नाही म्हणाले, असं ते समाधानाने म्हणत.

तर प्रकल्प होता 'दुपारची झोप आणि मनःस्वास्थ्य : एक आंतरराष्ट्रीय तुलना'. जगभरातले देश त्यात होते. प्रकल्पप्रमुख बाई कुठल्या तरी लांबच्या देशात राहत आणि पडद्यावरच भेटत. चष्म्याला साखळी, आवाज मऊ, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी असं हसू की माणसाने चूक नसतानाही माफी मागावी. बाईंनी कळवलं होतं की ज्या देशाचा आकडा विश्वासार्ह असेल त्या देशाच्या प्रतिनिधीला परिषदेचं निमंत्रण जाईल. रेघवाल्यांना 'दुर्दैवाने' जाणार नाही.

आता यात दुर्दैव काय ते ऐका. दशांशरावांनी निमंत्रण येण्याआधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. एरवी 'साधारण' हा शब्द तोंडातून न काढणारा हा माणूस परदेश म्हटल्यावर पार वाहवला. बायकोने भलीमोठी निळी बॅग आणली. कपाटात ती मावेना, पलंगाखाली जाईना, म्हणून ती बैठकीच्या खोलीत मधोमध उभी राहिली. येणारा प्रत्येक जण तिला ठेचकाळायचा आणि विचारायचा, "काय, कधी निघताय?"

सगळ्यात जास्त विचारायचे सासरे. ते निवृत्त शाळा तपासनीस. नोकरी संपली तरी तपासणी संपली नव्हती, आणि मुलीकडे राहायला आल्यापासून तपासायला एकच विद्यार्थी शिल्लक होता.

"जावईबापू, बॅग येऊन महिना झाला. माणूस कधी जायचा?"

"आकडा मिळाला की, बाबा."

"कसला?"

"दुपारी किती लोक झोपतात, त्याचा."

"आपल्याकडे दुपारी कोण झोपतं?" असं म्हणून सासरे आरामखुर्चीत मागे रेलले आणि थोड्याच वेळात खिडकीची काच थरथरेल असे घोरू लागले.

दशांशराव आधी सरकारी सांख्यिकी कार्यालयात गेले. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. अधिकारीसाहेब फायलीवर गाल टेकून बसले होते.

"साहेब विचार करतायत," शिपाई हळूच म्हणाला. "बसा."

विचार बराच खोल असावा, कारण साहेबांचे ओठ पुटपुटत होते. ते वर आले तेव्हा गालावर फायलीच्या दोरीचा वळ उमटला होता.

"दुपारची झोप?" साहेबांनी डोळे चोळले. "ती कोणत्या खात्यात येते? कामावर झोपत असतील तर कामगार खातं. आजारी असतील तर आरोग्य. स्वतःच्या घरात झोपत असतील तर मग गृहनिर्माण बघा."

"पण लोक दिवसभर वेळ कसा घालवतात याची पाहणी तुमचीच आहे ना?"

साहेबांनी एक जाडजूड खंड काढला. त्यात रकाने होते : जेवण, प्रवास, काम, करमणूक, इतर. झोप रात्रीचीच धरलेली. दुपारची कुठेच नाही.

"'इतर'मध्ये बघा. सगळं त्यातच असतं."

'इतर'चा आकडा खरोखर प्रचंड होता. देशातली माणसं बहुतेक वेळ इतरच करत होती. रांगेत उभं राहणं, किल्ली शोधणं, रुसून बसणं, सगळं त्या एका रकान्यात कोंबलेलं.

"हे जरा फोडून मिळेल का?"

"फोडता येत नाही. फोडलं तर त्याला इतर कसं म्हणायचं?" साहेबांना हा प्रश्न मनापासून पडला होता. "आणि मी सांगतो, आमच्याकडे दुपारी कोणी झोपत नाही. घ्या लिहून."

"लेखी द्याल?"

"लेखी कशाला? तुम्ही समोर बघताय की."

दशांशरावांनी समोर बघितलं. वळ अजून होता. त्यांच्या मनात फार आलं, पण सभ्य माणसाला मनात येणं आणि तोंडात येणं यांत बरंच अंतर ठेवावं लागतं. ते नमस्कार करून परत आले, आणि सगळा राग बॅगेला लाथ मारून काढताना स्वतःचाच अंगठा दुखावून बसले.

मग खासगी पाहण्या. एका गादी कंपनीने जाहीर केलं होतं की चांगली गादी असेल तर जवळजवळ सगळा देश दुपारी झोपेल. उशी कंपनीची पाहणी म्हणत होती, गादीचा काही संबंध नाही, मुद्दा मानेचा आहे. कॉफी कंपनीच्या अहवालात तर आजचा आधुनिक माणूस दुपारी झोपतच नाही असं ठासून लिहिलं होतं, वर हसऱ्या जागृत कुटुंबाचा फोटो. दशांशरावांनी हे सगळं निमूटपणे बाईंना पाठवलं. बाईंचं उत्तर आलं, शेवटी हसूसकट : ज्याला काही विकायचं आहे त्याचा आकडा आपण धरत नाही, नाही का?

अगदी बरोबर होतं, म्हणूनच जास्त लागलं.

ही बातमी जिन्यातून खाली उतरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर दंतवैद्य राहत, दवाखानाही तिथेच. संध्याकाळी त्यांनी दशांशरावांना दारातच गाठलं.

"अहो, एवढं काय घेऊन बसलात? ठोकून द्या. निम्मे झोपतात, निम्मे नाही. कोण येतंय तपासायला?"

दशांशराव दुखावले. "तुम्ही चांगला दात उपटाल का हो?"

दंतवैद्य विचारात पडले. "पेशंटने फारच हट्ट धरला तर..."

"तर?"

"तर त्याला दुसरीकडे पाठवीन." पण हे सांगायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला, आणि दशांशरावांनी तेव्हापासून दाढदुखी अंगावर काढायची असं ठरवलं.

इमारतीच्या सेक्रेटरींना मात्र ही कामाची गोष्ट वाटली. त्यांना परिपत्रकाची भूक होती. "मी काढतो ना सूचना! सर्व सभासदांनी आपापली झोप लेखी कळवावी. नाही कळवली तर पाण्याचा प्रश्न पुढच्या सभेत घेणार नाही."

सूचना लागली, उत्तरं आली, आणि सगळी एकच होती : नाही. वरच्या मजल्यावरच्या गायन शिकवणाऱ्या बाईंनी 'नाही'पुढे लिहिलं होतं, 'आम्हाला वेळ कुठे आहे?' सेक्रेटरींनी लिहिलं होतं, 'मी झोपलो तर इमारत कोण चालवणार?' सासऱ्यांनी ठळक अक्षरांत 'नाही' लिहून खाली सही केली, पेन टोपण न लावताच खिशात ठेवलं आणि जागच्या जागी मान टाकली. सदऱ्यावर निळा डाग पसरत गेला.

म्हणजे कागदावर अख्खी इमारत टक्क जागी. आणि प्रत्यक्षात दुपारी जिन्यात उभं राहिलं की एकेका दारामागून असे काही आवाज येत की लाकूड कापायची गिरणी चालू आहे म्हणावं.

दशांशरावांच्या जागी दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण त्यांना काही केल्या चैन पडेना. जेवताना उठून जायचे, चालताना मधेच थांबायचे, एका पायात घरची चप्पल आणि दुसऱ्यात बाहेरची घालून ऑफिसला जायचे. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांची स्वतःची दुपारची झोप गेली. सुट्टीच्या दिवशी जेवून डाव्या कुशीवर अशी वामकुक्षी घ्यायचे की ती बघूनच दुसऱ्याला झोप यावी. ती बंद झाली. "जरा पडा ना," बायको म्हणायची. "निरीक्षकाने पडायचं नसतं," असं ते म्हणायचे आणि लाल डोळ्यांनी खिडकीतून समोरच्या इमारतीचे पडदे मोजायचे.

लोक सांगत नाहीत तर आपण बघायचं, हे त्यांनी ठरवलं. शास्त्रात याला प्रत्यक्ष निरीक्षण म्हणतात. अडचण एवढीच की झोपलेला माणूस बंद दाराआड असतो. त्यावर दशांशरावांनी जो उपाय काढला तो इतक्या शिकलेल्या माणसालाच सुचू शकतो. ते रजा टाकून दुपारी घरोघर गेले आणि बेल वाजवू लागले.

दार उघडायचं. केस उभे, डोळे अर्धे, गालावर उशीच्या कशिद्याची फुलं.

"क्षमा करा हं. आपण झोपला होतात का?"

"छे! जागीच होते. जरा डोळे मिटून पडले होते."

दशांशराव कागदावर लिहायचे : जागे. काय करणार? स्त्रीचा शब्द, तोही वयाने मोठ्या स्त्रीचा. जे दार उघडत नसे तिथे प्रश्न गंभीर होता, कारण माणूस झोपलाय की बाहेर गेलाय हे कळायला मार्ग नाही. मग ते पुन्हा बेल वाजवत. दार उघडेपर्यंत वाजवत. आणि उघडलं की माणूस जागा.

पुढच्या काही दिवसांत इमारतीतली दुपारची झोप मुळापासून उपटली गेली. तान्ही बाळं भर दुपारी भोकाड पसरू लागली. गायनाच्या बाई शिष्यांना सूर शिकवायच्या ऐवजी त्यांच्यावर ओरडू लागल्या. दंतवैद्य दुपारी पेशंटच्या खुर्चीतच आडवे व्हायचे. त्यांचं ते सुख गेलं आणि संध्याकाळी ते पेशंटपेक्षा मोठा आ करून जांभया देऊ लागले. एक पेशंट तर म्हणे त्यांच्याच दाढा मोजून गेला.

शेवटी सूचनाफलकावर कागद लागला : 'दुपारच्या वेळी बेल वाजवू नये. विश्रांती घेणाऱ्या सभासदांना त्रास होतो.' तो वाचून दशांशराव धावतच सेक्रेटरींकडे गेले.

"म्हणजे झोपता! तुम्हीच लिहिलंय!"

"विश्रांती लिहिलंय. झोप कुठे लिहिलीय, दाखवा."

"विश्रांती म्हणजे काय मग?"

"ते तुम्ही ठरवा, तुम्ही शास्त्रज्ञ," असं म्हणून सेक्रेटरींनी दार लावलं. आतून कडी घातल्याचाही आवाज आला, आणि तोच जास्त झोंबला. इतकी वर्षं त्या घरात ते न विचारता वर्तमानपत्र न्यायला जात होते.

आता उरले सासरे. इथे बेल नको, दार नको. दशांशराव कागद घेऊन समोर बसले. सासऱ्यांचे डोळे मिटलेले, तोंड उघडं, घोरणं दणदणीत. दशांशरावांनी आनंदाने पेन्सिल उचलली, ती हातातून निसटली, वाकून घेतली आणि लिहायला सुरुवात केली.

"काय लिहिताय?" डोळे न उघडता सासरे म्हणाले.

"तुम्ही झोपलात असं, बाबा."

"मी जागा आहे. मघाशी तुमची पेन्सिल पडली. डावीकडे पडली."

पेन्सिल डावीकडेच पडली होती! दशांशरावांनी बराच विचार केला आणि लिहिलं : जागे (घोरत).

सासऱ्यांनी एक डोळा उघडून कागद वाचला. "घोरत खोडा."

जावयाने खोडलं. शास्त्र शास्त्राच्या जागी, पण त्याच घरात राहायचं होतं.

त्या संध्याकाळी ते बॅगेवरच बसून राहिले. बायको समोर येऊन उभी राहिली.

"अहो, पुरे झालं आता. मला तो परदेश नको आणि ही बॅगही नको. तुम्ही दुपारी झोपत होतात तेव्हा घरात माणूस तरी होता. आता नुसती येरझार आहे."

"सगळ्यांना सांगून बसलोय गं मी. बाबा रोज बॅगेकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात."

"बघू देत. त्यांचा निम्मा दिवस डोळे मिटलेले असतात."

"ते नाही म्हणतात."

"त्यांच्या म्हणण्याने काय होतंय?" बायको म्हणाली. "मी लहानपणापासून बघतेय ना."

दशांशरावांचं याकडे लक्ष नव्हतं. ते पुटपुटत होते, "जगापुढे रेघ म्हणून जायचं. लाज वाटते मला." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको खाली वाकली. त्यांच्या पायातली बाहेरची चप्पल काढून तिने बाहेर ठेवली आणि घरची आणून दिली.

शेवटची सभा आली. जगाच्या सोयीने ठरवली, त्यामुळे आपल्याकडे ती नेमकी दुपारी, जेवणानंतर. दशांशरावांनी वर कडक इस्त्रीचा शर्ट आणि टाय घातला, खाली घरचा पायजमा. कॉम्प्युटर निळ्या बॅगेवर ठेवला, निदान तेवढा तरी तिचा उपयोग. मागे आरामखुर्चीत सासरे. दंतवैद्य आणि सेक्रेटरीही आले होते, भांडण विसरून, कारण या माणसाची फजिती व्हायची असेल तर ती चुकवणं शेजारधर्माला धरून नव्हतं.

दशांशरावांनी रेघेबद्दल काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पण आपल्या देशाची पाळी बरीच मागे होती. एकेक देश उठायचा, आपला आकडा सांगायचा, आकड्याचा इतिहास सांगायचा. डोक्यावर पंखा संथ फिरत होता. पोट भरलेलं होतं. कुठल्या तरी थंड देशाचे एक गृहस्थ इतक्या एकसुरी आवाजात बोलत होते की दंतवैद्यांनीही भिंतीला टेकून घेतलं.

दशांशरावांची मान आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि मग पुढे येऊन टायवर स्थिरावली. कित्येक दिवसांची साठलेली झोप. तोंड उघडलं. मागून सासऱ्यांनी सूर दिला, पुढून जावयाने तो उचलला, आणि जगातल्या सगळ्या पडद्यांवर ती जुगलबंदी सुरू झाली.

सेक्रेटरी घाईने पुढे झाले. "अहो, उठवा त्यांना! पाळी येईल!"

बायको आडवी आली. "हात लावाल तर बघा. किती दिवसांनी लागलाय डोळा."

"पण परदेश?"

"राहू दे परदेश."

तेवढ्यात बाईंनी देशाचं नाव पुकारलं. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. बायकोने पदर सावरला, पडद्यासमोर वाकली आणि त्या सभेची भाषा तिला जेवढी येत होती तेवढ्यात, अगदी हळू आवाजात सांगितलं, "थोडं थांबाल का? ते झोपलेत."

सगळे देश आपापल्या पडद्याकडे पुढे सरकले.

"झोपलेत?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नक्की?"

"नक्की. मागे माझे वडील आहेत, तेही झोपलेत. रोज झोपतात."

"मी जागा आहे," मागून आवाज आला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

बाईंचा आवाज कुजबुजीवर आला. "ते असं नेहमी म्हणतात?"

"नेहमी. हेही म्हणतील बघा, उठले की."

सगळं जग श्वास रोखून बघत राहिलं. मग दंतवैद्य शिंकले. दशांशराव दचकून ताठ झाले, टाय नीट केला आणि पडद्याकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "हो, हो, मी ऐकतोय. जरा डोळे मिटून विचार करत होतो."

हसण्याचा असा लोट आला की बॅग हलली. थंड देशाचे गृहस्थ डोळे पुसत सांगू लागले की त्यांची आई शब्दन् शब्द हेच म्हणते. दुसऱ्या देशाचे साहेब म्हणाले, आमचे मंत्री. बाई म्हणाल्या, "माझे पती," आणि मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी सगळ्यांना एक साधा प्रश्न विचारला : तुम्ही तुमचे आकडे झोपणाऱ्यांनाच विचारून आणलेत का?

आणले होते. सगळ्यांनीच. कोणी विद्यापीठामार्फत, कोणी सरकारमार्फत, पण शेवटी विचारलं होतं झोपणाऱ्यालाच. बायकांना, मुलांना, शेजाऱ्यांना कुणीही विचारलं नव्हतं. दशांशराव हे ऐकत होते आणि आपण बेल वाजवून उठवलेली एकेक म्हातारी त्यांच्या डोळ्यांपुढे येत होती. त्यांनी मान खाली घातली.

नवा तक्ता आला तेव्हा सगळ्या देशांपुढे रेघा होत्या. फक्त आपल्या देशापुढे आकडा होता : दोन. खाली बारीक अक्षरांत तळटीप : 'प्रत्यक्ष निरीक्षण. साक्षीदार, सर्व देश. संबंधितांचा इन्कार.'

सोबत निमंत्रणही आलं. दशांशरावांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि त्यांचा आवाज मधेच बसला. निमंत्रण बायकोच्या नावाने होतं. 'एकमेव विश्वासार्ह स्रोत' म्हणून तिला मानाने बोलावलं होतं. तिची इच्छा असल्यास पतीला सोबत आणता येईल, असंही खाली होतं.

"इच्छा आहे का?" दशांशरावांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उत्तराची शक्यता मांडता येत नव्हती.

"बघते," बायको म्हणाली. "आधी जरा पडा जाऊन. अवतार बघा तुमचा."

ते निमूटपणे आत गेले. तिने बॅग आडवी करून उघडली आणि पहिल्यांदा आपल्या साड्या ठेवल्या. मग थोडा विचार करून एका बाजूला जागा सोडली आणि तिथे त्यांचा पायजमा ठेवला.

बेल वाजली. दारात सेक्रेटरी, हातात अभिनंदनाचा फलकावर लावायचा कागद.

"साहेब आहेत का? झोपलेत की काय?"

"झोपलेत," बायको म्हणाली. "बाबाही झोपलेत. संध्याकाळी या."

आतल्या दोन्ही खोल्यांतून एकदम आवाज आले, "कोण झोपलंय? जागे आहोत!"

बायकोने सेक्रेटरींकडे बघितलं, दार हळूच लावून घेतलं आणि पुन्हा बॅग भरायला बसली.